लोडावरची ओली चादर

मंदा,

परवा तुझी शोकसभा झाली. वक्ते पुष्कळ होते आणि पोकळी एकच होती, त्यामुळे प्रत्येकाला ती पुन्हा नव्याने निर्माण करावी लागली. कॉलेजच्या सभागृहातले पंखे बंद ठेवले होते, कारण त्यांच्या घरघरीत माईक ऐकू येत नाही म्हणे. मे महिन्याच्या अखेरीला नागपुरात पंखे बंद करून माणसं बसवली की त्यांच्या चेहऱ्यावरून जे ओघळतं त्याला घाम म्हणायचं की अश्रू, हे ज्याचं त्याने ठरवावं. आयोजकांनी अश्रू धरले.

तुझा एक विद्यार्थी, आता तोही कुठेतरी प्राचार्य आहे, म्हणाला, "मॅडमनी आयुष्यात कधी नियम मोडला नाही." मी पहिल्या रांगेत होते. मला हसू फुटलं आणि ते मी पदर तोंडाला लावून खोकल्यात बसवलं. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मलाही बोलायला सांगत होते. मी नाही म्हटलं. मला बोलायचं आहे ते तुझ्याशी, आणि तेही श्रद्धांजली वगैरे नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. मॅट्रिकच्या सुट्टीतल्या त्या रात्री नानांना कळलं होतं की नाही?

तुला सगळं पाठ आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे. तू मध्ये बोलणार नाहीस ही पहिलीच वेळ आहे.

महालातल्या त्या घरात तुम्ही वर राहायचात आणि आम्ही खाली. तुझी आई जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. नाना कोर्टात कारकून होते आणि घरीही निकाल वाचल्यासारखेच बोलायचे. 'सदर भाजीत मीठ कमी आहे' असं ते एखाद्या दिवशी म्हणाले असते तरी मला नवल वाटलं नसतं. तुला सायन्स कॉलेजात जायचं होतं. अमरावतीच्या तुझ्या आत्याने एक स्थळ आणून ठेवलं होतं. नानांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवला. तुला समोर उभं करून म्हणाले, "कॉलेजचा विचार मी करतो आहे. तोपर्यंत तुझ्याविषयी एक शब्द माझ्या कानावर येता कामा नये. आला, तर ज्येष्ठाच्या आत लग्न."

आणि त्याच आठवड्यात तू मला जिन्याखाली गाठलंस.

"कुसमे, उद्या पिक्चर उतरून राहिला. आज रातचा शो शेवटचा."

"येडी झाली का? नानांनी काय सांगितलं?"

"माझ्याबद्दल शब्द कानावर येऊ नये, एवढंच सांगितलं. आपण गेलो हे कोणाले कळते? लेडीजमध्ये बसू. तिथं सगळ्या बायाच असतात."

"बायांलेच तर तोंड असते!"

"तू काहून एवढी भेते वं?"

"तू भीत नाहीस म्हणून. दोघींच्या वाटची मीच भिऊन राहिली."

तू हसली नाहीस. म्हणालीस, "कॉलेज नाही मिळालं तर हा माझा शेवटचा पिक्चर आहे. मग नवरा दाखवील तो, दाखवील तेव्हा." आणि मग, "तू नाही आलीस तर मी एकटी जाईन." तू गेली असतीस. मी आले ती धीट होते म्हणून नाही, मंदा. घरी बसून तुझी वाट बघण्यापेक्षा तुझ्याबरोबर भिणं मला सोपं वाटलं.

नागपूरच्या उन्हाळ्यात घरात कोणी झोपत नसे. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, तापलेल्या फरशीतून वाफा निघून गेल्या की खाटा टाकायच्या, आणि अंगावर ओली चादर घेऊन झोपायचं. माझे आई-बाबा खाली अंगणात झोपायचे. गच्चीच्या एका टोकाला नानांची खाट, दुसऱ्या टोकाला आपल्या दोघींच्या. मध्यरात्री चादरी वाळत. तेव्हा नाना उठत, तांब्याने आपल्या दोघींच्या चादरींवर पाणी शिंपडत आणि पुन्हा जाऊन पडत. आधी हे काम तुझी आई करायची. ती गेल्यावर त्यांनी ते कोणाला न सांगता आपल्याकडे घेतलं. सुरुवात पायांकडून करायचे. गार पाणी पडलं की आपण झोपेत पाय पोटाशी घ्यायचो, काहीतरी पुटपुटायचो, आणि नाना 'हं' म्हणून पुढे सरकायचे.

म्हणून आपली योजना अशी होती: खाटांवर लोड ठेवायचे, त्यांच्यावर चादरी घालायच्या, आणि त्या इतक्या भिजवायच्या की रात्रभर कोणाला शिंपडायची गरजच पडू नये. सायन्सला जायला निघालेल्या मुलीची ही योजना. मे महिन्यातला नागपूरचा वारा धोतरसुद्धा वाळत घालणाऱ्याच्या गळ्यातलं गाणं संपायच्या आत वाळवतो, हे आपल्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

रेडिओवरच्या बातम्या संपल्या, नाना आडवे झाले. तू न्हाणीघरात जाऊन आईची साडी नेसलीस. ट्रंकेतली, डांबरगोळ्यांच्या वासाची, जांभळी. लग्न झालेली बाई बरोबर असली की पोरीकडे कोणी वळून बघत नाही, हा तुझा शोध. खरं मंगळसूत्र कपाटात कुलपात होतं, म्हणून माझ्या भरतकामातले काळे मणी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेस. कुंकू लावलंस. पदर डोक्यावर घेतलास आणि माझ्याकडे वळलीस. तू हुबेहूब तुझ्या आईसारखी दिसत होतीस. मी ते बोलले नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. आज सांगते आहे.

टॉकीजचं नाव लिहीत नाही. आता तिथे कपड्यांचं मोठं दुकान आहे आणि त्याच्या दारात एक पुतळा नवऱ्या मुलीचा शालू नेसून उभा असतो. तेव्हा आत जायला बायकांचं दार वेगळं, खिडकी वेगळी. पिक्चर भुताचा होता की नव्हता, ते शेवटपर्यंत कळणार नव्हतं. डोंगरावरचा बंगला, दाट धुकं, आणि रात्री दिवा घेऊन फिरणारी पांढऱ्या साडीतली बाई. माझ्या मते अर्धे लोक नुसतं धुकं बघायला आले होते. पडद्यावर धुकं आलं की थिएटरभर सुस्कारे निघत. मी मात्र पडदा पाहिलाच नाही. डोअरकीपरची बॅटरी कुठल्याही रांगेवर पडली की मला वाटायचं, आपल्यालाच शोधतात. मागे कोणी खोकलं तर तो खोकला नानांचा वाटायचा. तू मात्र पदर घट्ट धरून, पुढे वाकून, दिव्यावरची नजर न काढता बसली होतीस.

मध्यंतर झालं, दिवे लागले. तुझ्या शेजारी एक जाडजूड बाई होती, लाल काठाचं लुगडं, तोंडात पान, हातात हातपंखा. तिने तुला नीट बघून घेतलं.

"नवीन लगन झालं काय वं?"

तू मान हलवलीस.

"राहता कुठं?"

"महालात," मी म्हणाले.

"अन् मालक काय करते?"

"कोर्टात आहेत," हेही मीच म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस एकच खोटं बोलतो आणि त्याच्याभोवती सगळं खरं रचून ठेवतो.

"मंग नाव घे ना!" बाई खुलली. "नवी नवरी हाये, नावाबिगर सोडत नाही आम्ही."

मागच्या रांगेतून पण "घे वं, घे" सुरू झालं. पाच-सहा बायका मान वळवून बसल्या. मला पळून जावंसं वाटत होतं. तू उभी राहिलीस, पदर सावरलास, आणि वक्तृत्व स्पर्धेत म्हणावं तसं खणखणीत म्हणालीस:

"टॉकीजच्या पडद्यावर पडला उजेड,
वसंतरावांचं नाव घेते, पुरे करा ही छेड."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा दांडा धरला. वसंतराव म्हणजे नाना.

तू नंतर म्हणालीस, दुसरं नावच आठवलं नाही. कसं आठवणार? पहिलीपासून अकरावीपर्यंत उभं करून जे नाव विचारत होते ते 'मंदाकिनी वसंतराव' हेच. आपल्याकडे बाईच्या नावापाठी एक खुर्ची असते. तिच्यात आधी बाप बसतो, मग नवरा. तुझ्या खुर्चीत अजून बापच होता, आणि घाईत तू त्यालाच उठवून दाखवलंस.

शेजारच्या बाईने टाळी वाजवली नव्हती. पान चघळायचं थांबली होती.

"वसंतराव? महालातले? कोर्टातले, टोपीवाले?"

तू पदर आणखी पुढे ओढलास.

"आमचं इतवारीत धान्याचं दुकान हाये. दुकानाच्या केसचे कागद त्यांच्याचपाशी असते. पण त्यांची बायको तं वारली ना वं?"

मी डोळे मिटून घेतले. तुझा आवाज आला, अगदी शांत.

"हो. मी दुसरी."

मी डोळे उघडले तेव्हा ती बाई तुझ्याकडे बघत होती. तुझी हनुवटी, तुझे हात, काळे मणी. तिच्या चेहऱ्यावरची सगळी चेष्टा निघून गेली होती.

"त्यांले एक पोरगी हाये ना? तुयाएवढीच असन."

"आहे," तू म्हणालीस. "माझ्याएवढीच."

"कशी वागते तुयाशी?"

"हट्टी आहे. कोणाचंच ऐकत नाही."

मला वाटलं, आता तू हसशील आणि सगळं संपेल. पण बाईने तुझा हात आपल्या हातात घेतला.

"सांभाळून घेजो वं तिले. बिनमायचं लेकरू तसंच असते. वरून हट्ट करते, अंदर भेत राहते. तू जीव लावजो."

तू "हो" म्हणालीस. एवढंच. दिवे गेले. धुकं पुन्हा सुरू झालं. मी अंधारात तुझ्याकडे बघितलं तर पदराचा बोळा तुझ्या तोंडात होता आणि खांदे हलत होते. ती बाई पडद्याकडे बघत, न बोलता, हातपंख्याने तुला वारा घालत होती. उरलेला सगळा पिक्चर ती घालत राहिली.

शेवट यायच्या आधीच तू माझं मनगट धरून उठलीस. दिवेवाली बाई भूत होती की जिवंत, ते आपल्याला कधीच कळलं नाही.

रस्त्यावर आल्यावर तू आधी हसलीस. रिक्षावाला वळून बघेपर्यंत हसलीस. मग एकदम थांबलीस.

"कुसमे, ती बाई नवऱ्याले सांगन. नवरा कोर्टात जाईन. कॉलेज गेलं."

तुझं म्हणणं अगदी बरोबर होतं. एक शब्द नाही, अख्खा उखाणा नानांच्या कानावर जाणार होता. आपण गल्लीतून भिंतीला धरून चाललो. कुत्री भुंकली तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं ते अजून फेडते आहे.

जिना चढून वर आलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी माझ्या खाटेवरच्या चादरीला हात लावला आणि काढून घेतला.

"ओली आहे," तू कुजबुजलीस. "बघ, म्हटलं नव्हतं का, टिकन म्हणून?"

"मंदे, ही तेव्हाची ओल नाही. थेंब गळून राहिले."

दोन्ही चादरी निथळत होत्या. पाणी खाऊन लोड जड झाले होते. आपण ते खाटेखाली सारले आणि त्या चादरींखाली शिरलो, तू आईच्या साडीनिशी. मी पहाटेपर्यंत नानांच्या श्वासाकडे कान लावून होते. घोरणं ऐकू आलं नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालीस, ते अर्धवट झोपेत उठतात, शिंपडतात आणि पडतात, त्यांना काय दिसतं? मी म्हणाले, दिसलं. सकाळी चहा घेताना नाना एवढंच बोलले, "रात्री वारा फार कोरडा होता." तू विजयाने माझ्याकडे बघितलंस. मला ते वाक्य ऐकून अधिकच धडकी भरली.

मग ते दिवस. संध्याकाळी नानांच्या सायकलची घंटी वाजली की तू वर आणि मी खाली, दोघी जागच्या जागी थिजायचो. ते टोपी खुंटीला लावायचे, हातपाय धुवायचे, आणि काहीच बोलायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्याचं पत्र आलं, मुलाकडचे बघायला यायचं म्हणतात. तरी नाना गप्प.

आणि एका रविवारी इतवारीचे शेटजी आले. मी तुमच्या स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांची सालं काढत होते. शेटजींच्या हातात नारळ आणि खणाचा कपडा होता.

"वसंतराव, तुम्ही तं कमाल केली गा! आम्हाले सांगतलं सुद्धा नाही. आमच्या मंडळीले टॉकीजमध्ये बाई भेटल्या म्हणून कळलं."

नेमकी तेव्हाच तू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली होतीस. शेटजी तुझ्याकडे बघून गोंधळले, मग नारळ तुझ्याच पुढे धरला. दाराच्या फटीतून मला तुझी पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

नानांनी त्या नारळाकडे बराच वेळ बघितलं, एखादा कागद वाचावा तसं.

"आपला गैरसमज झाला," ते म्हणाले. "मी दुसरं लग्न केलेलं नाही, करणारही नाही. ही माझी मुलगी मंदाकिनी. यंदा सायन्स कॉलेजात जाते आहे."

"मंग ते टॉकीजमधलं?"

"नागपुरात वसंतराव पुष्कळ आहेत."

"कोर्टात?"

"कोर्टातसुद्धा."

शेटजी नारळ परत पिशवीत घालायला लागले तर नानांनी थांबवलं. "आणलेला नारळ परत नेऊ नये. मुलीच्या कॉलेजचा समजून ठेवा." त्यांनी तो तुझ्या हातात दिला. तोवर कॉलेजविषयी त्यांनी घरात अवाक्षर काढलेलं नव्हतं.

यावरही तू हरली नाहीस! तू म्हणालीस, त्यांनी आपली इभ्रत वाचवली, बोलताना कॉलेज तोंडातून निघून गेलं, आणि शब्दाचे पक्के असल्यामुळे मागे घेता आलं नाही. मी म्हणायची, त्यांना त्या रात्रीच कळलं होतं. तू म्हणायचीस, कोर्टातल्या माणसाला पुराव्याशिवाय काही कळत नसतं. आपली लग्नं झाली, पोरं झाली, तू प्राचार्य होऊन शिस्तीची मूर्ती झालीस, तरी दर उन्हाळ्यात कधीतरी हे निघायचंच. तू चिडायचीस. चिडण्याचं कारण मला ठाऊक होतं. तू आयुष्यभर सांगत आलीस की मी बापाशी लढून शिकले. कॉलेज त्यांनी समजून उमजून दिलं असं मानलं की तुझी लढाईच उरत नव्हती.

नाना म्हातारे झाले, खाटेला खिळले, तेव्हा मी म्हटलं, आता तरी विचार. तर म्हणालीस, "अन् त्यांले माहीत नसलं तर? मीच सांगितल्यासारखं होईन ना वं." नातवंडांची आजी झालेली बाई, आणि त्या रात्रीला अजून भीत होतीस. नाना गेले. कोणी विचारलं नाही.

आता या महिन्याचं सांगते.

तुझ्या खोलीत कूलर होता, पण दुपारी वीज जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "कुसमे, चादर ओली कर वं." मी तांब्या आणला. पायांकडून सुरुवात केली. तू सर्रकन पाय वर घेतलेस आणि म्हणालीस, "आवदसे, सांगून तरी टाक." मग तो आपला दुपारचा कार्यक्रमच झाला. बोलणं कमी होत गेलं, शिव्या बंद झाल्या, पण पाय तू घ्यायचीसच. थोडेसे. मला तेवढं पुरायचं. मीही 'हं' म्हणायची आणि पुढे सरकायची.

त्या दुपारी वीज गेली. तुझी सून बाहेरच्या खोलीत जराशी आडवी झाली होती. मी पाणी शिंपडलं. तुझे पाय जागचे हलले नाहीत.

मी आणखी थोडं शिंपडलं नाही. लागलं नाही. हाताला कळतं, मंदा. पाणी पडण्याच्या आधीच हात त्या पायांच्या आखडण्याची वाट बघत असतो, आणि ते झालं नाही की तांब्या आपोआप थांबतो. चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. झोपेत असो की अंधारात असो.

मी तशीच उभी राहिले. आधी तुझं कळलं, आणि त्याच्या पाठोपाठ नानांचं. लोड पाय आखडत नाही. त्यांना पहिल्या शिंतोड्यालाच कळलं होतं. मग ते तिथे माझ्यासारखेच तांब्या धरून उभे राहिले असणार. हाक मारली असती तर गल्ली जागी झाली असती, आणि ज्या शब्दाची त्यांनी तुला धमकी दिली होती तो त्यांच्याच तोंडून जन्माला आला असता. शोधायला जाणार कुठे? आपण दोघींनी त्या रात्री भीती वाटून घेतली होती. त्यांच्याबरोबर वाटून घ्यायला कोणी नव्हतं. आणि अशा अवस्थेत त्या माणसाने दोन लोडांवरच्या दोन चादरी टोकापर्यंत भिजवून ठेवल्या, पोरी परत येतील तेव्हा त्यांना गार लागाव्यात म्हणून.

भांडण मी जिंकले. तुला सांगायला अगदी थोडा उशीर झाला.

सुनेला हाक मारायची होती. डॉक्टरला फोन, मुलाला फोन, मग माणसं, मग ती पोकळी. हे सगळं सुरू होणारच होतं. मी तांब्या पुन्हा भरून आणला आणि उरलेली चादर भिजवली, गुडघे, पोट, खांदे, पार गळ्यापर्यंत. मग हाक मारली.